मेण लागलेल्या फर्निचरवरचा रंग सुटतोय? आधी मेण काढा, मग चपडा लावा

आत्याच्या साताऱ्याच्या घरातलं सागवानी कपाट मी हौसेनं फिकट हिरव्या रंगात रंगवलं. चार दिवस ते फार सुरेख दिसलं. पाचव्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा दाराला घासला आणि तळहाताएवढा पापुद्रा सुटून आला, उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा. खालचं लाकूड तुकतुकीत, जसंच्या तसं. रंगाचा एक ठिपकासुद्धा त्याला धरून राहिला नव्हता. डबा घेऊन मी तणतणत दुकानात गेले, तर दुकानदारानं शांतपणे एकच प्रश्न विचारला, "या कपाटाला आधी काय लावत होतात?"

आत्या दर दिवाळीला त्याला मेणाचं पॉलिश लावायची. निदान तीस वर्षं.

हे कपाट पुन्हा पहिल्यापासून करताना जे शिकायला मिळालं ते इथे क्रमानं लिहिते आहे. तुमच्याकडे जुनं मेण लावलेलं फर्निचर असेल आणि त्यावरचा रंग सुटत असेल, वाळत नसेल, किंवा त्यात बारीक खड्डे पडत असतील, तर रंगाचा दुसरा डबा आणू नका. आणखी एक हात मारून हा दोष झाकला जात नाही. उलट थर जितका जाड, तितका तो लवकर आणि मोठ्या पापुद्र्यांत निघतो.

नेमकं बिघडतं कुठे

रंग लाकडाला दोन प्रकारे धरतो. थोडा लाकडाच्या रंध्रांत उतरतो आणि थोडा काचपेपरनं पाडलेल्या बारीक ओरखड्यांत अडकून बसतो. मेण या दोन्ही जागा बुजवून टाकतं. शिवाय मेणावर पाणी ठरत नाही, म्हणून पाण्यात मिसळायचे अ‍ॅक्रिलिक रंग त्यावर पसरतच नाहीत, आक्रसून गोळा होतात. ऑइल पेंटचं वेगळंच होतं. त्यातलं टर्पेंटाइन खालचं मेण थोडं विरघळवतं, ते मेण रंगात मिसळतं आणि रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. बोट लावलं तर ठसा उमटतो.

गुळगुळीत रंगात मध्येच गोल खड्डा पडतो आणि त्याच्या कडेला उंचवटा दिसतो, त्याला रंगारी फिश आय म्हणतात. तो मेणानं पडतो, तेलानं पडतो, आणि सर्वांत जास्त पडतो तो फवाऱ्याच्या बाटलीत मिळणाऱ्या चकाकी देणाऱ्या पॉलिशमधल्या सिलिकोननं.

मेण फक्त पॉलिशमधूनच येतं असंही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दारं फुगली, ड्रॉवर अडकायला लागला, की आपण सरळ मेणबत्ती घासतो. उपाय चांगला आहे, पण ते मेण हातांबरोबर आणि फडक्याबरोबर कडांवर, मुठीभोवती पसरतं. देव्हाऱ्याजवळच्या फर्निचरवर समईचं तेल आणि मेणबत्तीचे ओघळ असतात. रंग नेमका कडांना आणि मुठीपाशीच सुटत असेल, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

आधी तपासा

एका कोपऱ्यात नखानं हलकं खरवडा. नखात मऊ, पांढुरकं काही जमलं तर ते मेण. मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं मिनरल टर्पेंटाइन घेऊन न दिसणाऱ्या जागी, म्हणजे मागच्या बाजूला किंवा दाराच्या आत, मिनिटभर चोळा. फडकं पिवळट-तपकिरी झालं आणि तिथलं लाकूड निस्तेज दिसू लागलं, की शंका उरत नाही. पाण्याचा थेंब टाकूनही कळतं. मेणावर तो मण्यासारखा गोल उभा राहतो. फक्त या एकाच चाचणीवर विसंबू नका, कारण मेणाखाली जुनं पॉलिश असेल तर मेण गेल्यावरही थेंब आत मुरत नाही. तो थोडा चपटा बसतो, इतकाच फरक.

रंग आधीच लावून झाला असेल तर ब्लेडनं फुलीसारखे दोन छेद द्या, वर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर सगळा रंग काढायचा. दोन-चार ठिकाणी अशी परीक्षा घ्या. माझ्या कपाटाची दारं पूर्ण सुटत होती, पण बाजूच्या फळ्यांवर रंग घट्ट होता. तिथे आत्याचा हात कधी पोहोचलाच नसावा, कारण ते कपाट दोन भिंतींच्या कोनाड्यात उभं असायचं.

सामान

रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं मिळतं: मिनरल टर्पेंटाइन एक लिटर, डिनेचर्ड स्पिरिट अर्धा लिटर, चपडा लाख (लाखेच्या राळेचे पातळ नारिंगी पापुद्रे) 100 ग्रॅम, 150, 220 आणि 320 नंबरचा काचपेपर, रंग खरवडायचा पत्रा, दोन इंची चांगला ब्रश, हातमोजे आणि एन-95 मास्क. भांडी घासायच्या दोन-तीन नव्या हिरव्या घासण्या घ्या. आणि घरातलं जुनं सुती कापड, धुवट पांढरं, जितकं मिळेल तितकं. मला एका कपाटाला दोन जुनी धोतरं आणि एक चादर लागली.

थिनर घेऊ नका. दुकानदार देतो, कारण तो 'जोरदार' असतो. पण तो मेणाखालचं जुनं पॉलिशही चिघळवतो आणि काम तिपटीनं वाढतं.

टर्पेंटाइन आणि स्पिरिट दोन्ही पेट घेतात. काम गच्चीत, अंगणात किंवा दारं-खिडक्या उघड्या टाकून करा. गॅस, समई, उदबत्ती जवळ नको. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं, म्हणून बाटलीवर ठळक नाव लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

सुटलेला रंग काढणं

मेणावरचा रंग सहज निघतो, हा त्यातला त्यातला फायदा. पत्रा जवळजवळ आडवा धरा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ढकला. पत्र्याचे दोन्ही टोकदार कोपरे आधी कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर सागवानावर ओरखडे पडतात आणि ते पुढे रंगातूनही दिसतात.

दोन गोष्टी अजिबात करू नका. हीट गननं, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्रानं, रंग तापवू नका. मधमाश्यांचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, हीट गन त्याच्या कितीतरी पुढे जाते, आणि जे मेण वर होतं ते पातळ होऊन लाकडाच्या आत उतरतं. आणि मेण काढायच्या आधी काचपेपर मारू नका. घासताना उष्णता होते, मेण मऊ पडतं, कागद दोन मिनिटांत बुजतो आणि मेण रंध्रांत दाबलं जातं. नवशिक्यांची सर्वांत जास्त मेहनत इथे वाया जाते, कारण "आधी घासून घ्या" हा सल्ला सगळेच देतात.

रंग तुम्ही लावलेला नसून जुना असेल तर जास्त सांभाळा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही. पाण्यानं ओला करून खरवडायचा, मास्क लावायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं आणि लहान मुलं व गरोदर बाईला त्या खोलीत येऊ द्यायचं नाही.

मेण काढणं

इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं. म्हणून हा भाग सविस्तर सांगते.

एका वेळी दीड-दोन फूट जागाच घ्या. घासणी टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्या जागेवर सढळ हातानं फिरवा आणि मिनिटभर थांबा. मग लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासा. थोड्याच वेळात वर मळकट, मधाच्या रंगाचा चिकट राप तयार होतो. माझ्या कपाटावर हे झालं तेव्हा टर्पेंटाइनच्या उग्र वासातूनही मेणाचा तो ओळखीचा गोडसर वास आला. आत्याची दिवाळीची सकाळ आठवली आणि क्षणभर हात थांबला.

पण हात थांबवायची ती वेळ नव्हती. टर्पेंटाइन मेण नाहीसं करत नाही, फक्त विरघळवतं. ते उडून गेलं की विरघळलेलं मेण होतं तिथेच परत बसतं, आणि आता सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. म्हणून पृष्ठभाग ओला असतानाच कोरड्या फडक्यानं तो राप उचलायचा. फडकं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकदाच ओढा, मग घडी बदला. तेच मळकं फडकं मागेपुढे फिरवलं तर तुम्ही मेण पुसत नाही, नव्यानं लावत असता.

पहिल्या फेरीचं फडकं तपकिरी निघतं. दुसऱ्या फेरीला नवी घासणी आणि नवं टर्पेंटाइन घ्या, फडकं पिवळट निघेल. तिसऱ्या फेरीला जवळजवळ पांढरं निघायला हवं. माझ्या दारांना पाच फेऱ्या लागल्या, म्हणून तीन हा आकडा पक्का धरू नका. पांढरं फडकं निघेपर्यंत थांबायचं नाही, एवढंच धरा. टर्पेंटाइन गढूळ झालं की वाटी बदला. कोरीव काम असेल तिथे जुना टूथब्रश, आणि खाचांत आइस्क्रीमच्या काडीला टोक काढून त्यावर कापड गुंडाळून. मुठी, बिजागऱ्या, कडी-कोयंडे आधीच काढून ठेवा, कारण त्यांच्या कडेला मेणाची रेघ साचलेली असते.

शेवटी कोमट पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचे चार थेंब टाका, फडकं घट्ट पिळून एकदा पुसा, मग साध्या ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. चोवीस तास वारा लागू द्या.

टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. उघड्यावर दोरीवर सुट्या पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका. जवसाचं तेल किंवा ऑइल पेंट लागलेल्या चिंध्यांचा बोळा तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतो. त्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात.

आता काचपेपर

लाकूड कोरडं झालं की 150 नंबरनं रेषांच्या दिशेनं हलकं घासा, मग 220 नं. लाकूड उघडं पाडायचं नाहीये, फक्त जुन्या पॉलिशची चकाकी मोडून रंगाला धरायला जागा द्यायची आहे. घासताना कागदावर मऊ गोळे जमले तर तिथे मेण राहिलं आहे. थांबा, आणि त्या जागी टर्पेंटाइनची आणखी एक फेरी करा.

धूळ ब्रशनं झाडा, नंतर किंचित ओल्या फडक्यानं टिपा.

इथे क्षणभर मागे सरून लाकडाकडे पाहा. मेण आणि मळ गेल्यावर जुनं सागवान किंवा शिसव कधी कधी असं काही उजळून येतं, की रंग लावायची इच्छाच राहत नाही. तसं वाटलं तर रंग लावूच नका. त्याला नुसतं पॉलिश करा. चांगलं शिसव अपारदर्शक रंगाखाली झाकावं असं मला कधीच वाटलेलं नाही. माझ्या कपाटाच्या फळ्या मात्र वेगवेगळ्या काळात बदललेल्या होत्या, तीन रंगांचं लाकूड होतं, म्हणून मी रंगाकडेच वळले.

चपड्याची भिंत

कितीही पुसलं तरी लाकडाच्या आत थोडं मेण राहतंच. त्याला तिथेच कोंडायचं आणि रंगापर्यंत येऊ द्यायचं नाही, हे काम चपडा करतो. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात, ती वितळवून, पातळ ताणून, फोडून केलेले हे नारिंगी पापुद्रे. फ्रेंच पॉलिश म्हणतात त्याचा जीव हाच. मेण, तेल, सिलिकोन, सागवानातून पांढऱ्या रंगावर उमटणारे तपकिरी डाग, या सगळ्यांना तो अडवतो, आणि वरचा रंग त्याला पक्का धरतो.

एक मेख आहे. साध्या चपड्यात स्वतःचंच काही टक्के मेण असतं. वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक कडक लेप, लावणार असाल तर हे मेणही नको. मेण काढलेला चपडा, डीवॅक्स्ड शेलॅक, मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर घरी वेगळा करता येतो. काचेच्या बरणीत 300 मिली स्पिरिट आणि 50 ग्रॅम चपडा घालून झाकण लावा आणि अधूनमधून हलवा. रात्रभरात विरघळतो. मग बरणी पाच-सहा दिवस हलवायचीच नाही. तळाशी फिकट, गढूळ साका बसतो, तेच मेण. वरचा स्वच्छ, चहाच्या रंगाचा भाग धक्का न लावता दुसऱ्या बरणीत ओता आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. धातूचा डबा वापरू नका, लोखंडाशी संबंध आला की चपडा काळवंडतो. बाटलीतलं तयार फ्रेंच पॉलिश या कामाला मी वापरत नाही, कारण त्यात रंग आणि इतर राळा काय मिसळल्या आहेत ते कळत नाही.

लावण्याआधी काचेवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी कडक झाला तर ठीक. चिकट राहिला तर चपडा जुना आहे, टाकून द्या. भिजवलेला चपडा सहा महिन्यांपेक्षा जुना वापरू नये.

ब्रशनं पातळ हात द्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ब्रश पुढे गेला की मागे वळायचं नाही. स्पिरिट झपाट्यानं उडतं, आणि अर्धवट वाळलेल्या जागी ब्रश परत फिरला की वळ्या पडतात. अर्ध्या तासात हाताला कोरडं लागतं. तास-दोन तासांनी 320 चा कागद अगदी हलका फिरवा, धूळ टिपा आणि दुसरा हात द्या. कडा, खाचा, मुठींची भोकं विसरू नका. मग रात्रभर राहू द्या.

पावसाळ्यात हे काम काढू नका. हवेतल्या दमटपणानं चपड्यावर पांढुरकी साय धरते. कोकणात राहणाऱ्यांनी तर दिवाळीनंतरचे कोरडे दिवसच निवडावेत, तेही ऊन वर आल्यावर. साय धरलीच तर घाबरू नका. कोरड्या दिवशी स्पिरिटनं नुसतं दमट केलेलं फडकं एकदा हलकं फिरवलं की ती जाते.

रंग

चपड्यावर वुड प्रायमरचा एक पातळ हात, वाळल्यावर 320 चा कागद, मग रंगाचे दोन पातळ हात. ऑइल पेंट असो वा अ‍ॅक्रिलिक, दोन्ही चालतात. दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. ऑइल पेंटला मी रात्रभर देते. पहिला हात लावताच एखाद्या जागी खड्डा पडला तर त्यावर रंग थापू नका. ती जागा वाळू द्या, घासा, तेवढ्यावर चपडा लावा आणि मग पुढे जा.

वरून सील

ऑइल पेंटला वेगळं सील लागत नाही, तो स्वतःच कडक होतो. अ‍ॅक्रिलिक आणि चॉक पेंटला (खडूसारखा चकाकी नसलेला, पाण्यातला रंग) मात्र हवं. पांढऱ्या किंवा फिकट रंगावर पाण्यातलं पीयू घ्या, तेलातलं पीयू आणि वॉर्निश काही महिन्यांत पिवळं पडतं. डबा हलवू नका, बुडबुडे होतात. काडीनं सावकाश ढवळा. उभ्या भागांना दोन हात पुरेत. टेबलाच्या वरच्या पाटाला तीन, कारण तिथे गरम कप आणि ओले पेले येणार.

काहींची अडचण उलटी असते. चॉक पेंट आधीच लावलेला, त्यावर मेण चोळलेलं, आणि आता डाग पडतात म्हणून वर पीयू हवं. मेणावर पीयू टिकत नाही. वाळलेल्या चॉक पेंटला टर्पेंटाइननं धक्का लागत नाही, म्हणून वर सांगितलेल्याच पद्धतीनं, पण घासणीऐवजी मऊ फडक्यानं मेण उतरवा. एक दिवस वाळू द्या, चपड्याचा एक हात भरभर द्या, मग पीयू. इथे चपडा जास्त रगडू नका, स्पिरिटनं खालचा पाण्यातला रंग मऊ पडू शकतो. पांढऱ्या रंगावर नारिंगी चपड्याची झाक दिसते, म्हणून तिथे विरंजित, फिकट चपडाच लागतो. आधी दाराच्या आतल्या बाजूला करून पाहा.

पहिला महिना

हाताला कोरडा लागलेला रंग आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर वर फुलदाणी, वर्तमानपत्र, प्लास्टिकचं टेबलक्लॉथ काही ठेवू नका. दारं थोडी उघडी ठेवा, नाहीतर दाराची कड चौकटीला चिकटते आणि उघडताना रंग तिथूनच ओरबाडून निघतो. मी रात्री दोन्ही दारांच्या कडेला बटर पेपरच्या पट्ट्या अडकवत असे.

पुसायला कोरडं किंवा जरा ओलसर मऊ फडकं पुरतं. चकाकीच्या फवाऱ्याची बाटली या कपाटाजवळ येऊ देऊ नका. ड्रॉवर अडकला तर मेणबत्ती फक्त खालच्या पट्ट्यांवर घासा आणि हात धुऊन मगच मुठीला लावा.